कार्डं परत कोण घेणार, ते आधी बघा

प्रश्न विचारणारे भाऊ मूळचे चोपडा तालुक्यातले, नोकरीला पुण्यात. साडेतीन लाख रुपये साठलेत. त्यातून पोकेमॉन या जपानी खेळाच्या कार्डांचे काही सीलबंद बॉक्स आणि चारिझार्ड या त्यातल्या प्राण्याचं एक ग्रेड केलेलं कार्ड (म्हणजे कंपनीने तपासून, दहापैकी गुण देऊन प्लॅस्टिकच्या डब्यात बंद केलेलं) घ्यायचं मनात आहे, कारण ‘दोन वर्षांत दुप्पट’ असं व्हिडिओंमधून सारखं कानावर पडतंय. वडील म्हणतात, जळगावात जा आणि सोनं घे. भाऊंनी विचारलंय की हा फुगा आहे का, आणि असला तर तो फुटायच्या आधी बाहेर पडता येईल का.

मी जळगावात जुनी नाणी, नोटा आणि पोस्टाच्या तिकिटांची खरेदी-विक्री करतो. कॉलेजातली मुलं विचारत यायला लागली तशी काही वर्षांपासून कार्डंही घेतो आणि विकतो. मला कार्डं आवडतात आणि हा छंद आपल्याकडे वाढावा असं मनापासून वाटतं. म्हणूनच थोडं लांबलचक लिहितोय.

भाव फुगलेत का, याचं पक्कं उत्तर भाव पडल्यावरच मिळतं. आधी जो छातीठोक सांगतो त्याच्याकडे बहुतेक विकायला माल असतो. पण भाऊ, तुमचा खरा प्रश्न फुग्याचा नाहीच. तुम्ही जी वस्तू घेताय ती गरजेच्या दिवशी, ठरलेल्या भावाने, रोख पैसे देऊन परत घेणारं कुणी आहे का, हा तुमचा प्रश्न आहे. वडिलांच्या सोन्याला ते गिऱ्हाईक आहे. तुमच्या बॉक्सला आहे का, ते बघू.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर आहेत आणि त्या मला माहीत नाहीत. डोक्यावर कर्ज आहे का? सहा महिन्यांचा खर्च भागेल एवढी रक्कम वेगळी ठेवलीय का? घरात लग्न, विहिरीचं काम किंवा ठिबकचा खर्च तोंडावर आलाय का? आणि कार्डांची तुम्हाला स्वतःला ओळख किती? लहानपणापासून खेळणारा, संच ओळखणारा, छपाईतला फरक बोटाने सांगणारा माणूस आणि व्हिडिओ बघून आलेला माणूस यांना एकच सल्ला देता येत नाही. तुमच्या प्रश्नावरून तुम्ही दुसऱ्या प्रकारातले वाटता, म्हणून तसं धरून चालतो.

आता मुळाशी जाऊ. जुनी कार्डं महाग का झाली? 1952 सालचं टॉप्स कंपनीचं मिकी मँटल या बेसबॉलपटूचं एक कार्ड ऑगस्ट 2022 मध्ये अमेरिकेतल्या लिलावात 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं. पण 1952 च्या त्या मालाचं झालं काय होतं? तो खपला नाही. गोदाम अडवून बसलेले उरलेले खोके कंपनीने 1960 च्या सुमारास चक्क अटलांटिक समुद्रात टाकले, असं ते कार्ड घडवणाऱ्या साय बर्गर यांनीच सांगितलेलं आहे. जी कार्डं विकली गेली ती पोरांनी खिशात कोंबली, सायकलच्या चाकाला लावली, आयांनी रद्दीत दिली. कुणीही ती जपून ठेवली नाहीत, म्हणून आज ज्याच्याकडे कोरं राहिलं त्याची किंमत झाली.

हे एकदा लक्षात आलं की पुढचा सगळा इतिहास उलगडतो. 1980 च्या दशकात अमेरिकेत लोकांना जुन्या कार्डांच्या किमती कळल्या. मग नवीन बेसबॉल कार्डं लोक खोक्यांनी घेऊन माळ्यावर ठेवू लागले, मुलाच्या कॉलेजच्या खर्चाला होतील म्हणून. मागणी दिसली तशा कंपन्यांनी छपाई वाढवली, नवीन कंपन्या उतरल्या. आज त्या काळातली बहुतेक कार्डं छापल्या कागदाच्या किमतीलाही कुणी घेत नाही, तीस-पस्तीस वर्षं जपून ठेवलेली असूनसुद्धा. सगळ्यांनीच जपली की दुर्मीळ राहतं काय? तुमच्या बॉक्सच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी हीच आहे. आज सीलबंद बॉक्स घेणारे बहुतेक जण तो उघडायला घेतच नाहीत.

पोकेमॉनच्या छपाईचे आकडे कंपनी स्वतः देते. खेळ 1996 मध्ये जपानात सुरू झाला. तेव्हापासून मार्च 2021 पर्यंत एकूण 3,410 कोटी कार्डं छापली गेली होती. मार्च 2024 पर्यंत तो आकडा 6,480 कोटींवर गेला. म्हणजे पंचवीसेक वर्षांत जेवढी छापली, जवळजवळ तेवढीच पुढच्या फक्त तीन वर्षांत. यातली सगळी काही महाग कार्डं नाहीत, आणि मुलं खेळून खराब करतात तीही भरपूर. पण ‘माल मर्यादित आहे’ असं व्हिडिओत कुणी सांगितलं की हा आकडा आठवा. चालू संच संपला असं वाटतं तेव्हा तो पुन्हा छापायचा की नाही, हे कंपनी ठरवते. ते तुमच्या हातात नाही आणि माझ्याही.

याचं एक जुनं उदाहरण मॅजिक या कार्डांच्याच दुसऱ्या खेळाचं आहे. तो 1993 चा. 1995 मध्ये कंपनीने आधीच्या दुर्मीळ कार्डांपैकी बरीच एका नवीन संचात पुन्हा छापली आणि ज्यांनी मूळ कार्डं चढ्या भावाने घेतली होती ते खवळले. शेवटी 1996 मध्ये कंपनीला यादीच जाहीर करावी लागली, की एवढी कार्डं आम्ही परत छापणार नाही. पोकेमॉनमध्ये असं कुठलंही वचन नाही. 1999 च्या पहिल्या आवृत्तीचा शिक्का असलेलं चारिझार्ड तसंच्या तसं परत निघणार नाही, हे खरं. पण त्याच चित्राचं कार्ड 2021 मध्ये पंचविसाव्या वर्षाच्या संचात आलं होतं. म्हणून ‘एक चारिझार्ड’ एवढ्याने भागत नाही. चारिझार्डची कार्डं ढिगाने आहेत. कुठलं साल, कुठला संच, कुठली आवृत्ती, कुठली भाषा आणि कुठला ग्रेड, यावर काही शे रुपयांपासून कोट्यवधींपर्यंत फरक पडतो.

मागचा मोठा भडका 2020-21 चा. लोक घरात अडकलेले, अमेरिकेत सरकारकडून खात्यावर पैसे आलेले, लहानपणीच्या वस्तू परत हव्याशा वाटत होत्या, आणि मोठे यूट्यूबर कॅमेऱ्यासमोर बॉक्स फोडत होते. ग्रेडिंग करणाऱ्या पीएसए या कंपनीकडे एवढी कार्डं साचली की मार्च 2021 मध्ये तिने बऱ्याच प्रकारची स्वीकृती थांबवली. आधीच्या तीन महिन्यांत आली नव्हती तेवढी कार्डं तीन दिवसांत आली, असं कंपनीनेच सांगितलं होतं. मे 2021 मध्ये टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीने मारामाऱ्यांच्या भीतीने दुकानातली कार्डविक्रीच बंद ठेवली.

त्या भडक्यातलं उदाहरण म्हणून मायकल जॉर्डन या बास्केटबॉलपटूचं 1986 चं फ्लीअर कंपनीचं कार्ड बघा. दहापैकी दहा ग्रेडचं असं कार्ड जानेवारी 2021 च्या अखेरीस 7,38,000 डॉलरला विकलं गेलं. वर्ष-दीड वर्षात त्याच ग्रेडचं तेच कार्ड त्याच्या एक तृतीयांशाच्याही खाली आलं. कार्ड तेच, जॉर्डन तोच, ग्रेड तोच. बदललं ते एवढंच, की वरच्या भावाला घेणारे संपले. आणि त्या ग्रेडची कार्डं जगात तीनशेच्या वर आहेत. भाव चढला तशी तिजोरीतली बाहेर आली.

फुग्याची खूण मी दुकानात कशी ओळखतो तेही सांगतो, कारण आलेख बघून मला ती कधी दिसली नाही. मी येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न ऐकतो. ‘हे कुठल्या संचातलं, याचं जोडीचं मिळेल का’ असं विचारणारा संग्राहक. अमळनेर-पारोळ्याकडून आलेला एखादा पोरगा कार्ड हातातही न घेता ‘आते काय भाव शे?’ म्हणतो, तेव्हा तो घेईल, पण ठेवणार नाही. तो पुढच्याला विकायलाच घेतोय. अशांची संख्या संग्राहकांपेक्षा वाढली की मी खरेदी कमी करतो. कारण त्या सगळ्यांना एकाच आठवड्यात विकायचं असतं, आणि त्या आठवड्यात दुकानात घेणारं कुणी नसतं. उधारीवर किंवा हप्त्याने कार्डं घ्यायला लोक येऊ लागले, तर मी खरेदी पूर्ण थांबवतो.

आता भाव म्हणजे नक्की काय, ते. नाण्यांच्या धंद्यात हे मी रोज समजावतो. माणूस 786 आकड्याची नोट किंवा वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं घेऊन येतो आणि मोबाइल दाखवतो, की इथे दहा लाख लिहिलेत. ती कुणीतरी मागितलेली रक्कम असते, कुणी दिलेली नसते. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाने चाललेल्या अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनेही ऑगस्ट 2021 मध्ये सावध केलं होतं. कार्डांचंही तसंच आहे. कार्डं विकणाऱ्या साइटवर ‘विकली गेलेली’ असा वेगळा विभाग असतो, फक्त तोच बघा. त्यातही एका विक्रीवर जाऊ नका, मागच्या काही महिन्यांतल्या बऱ्याच विक्री बघा आणि त्यांच्या मधला भाव धरा.

आणि तो मधला भावही तुमच्या हातात पडत नाही. माझ्यासारखा दुकानदार कार्ड घेताना बाजारभावाच्या साधारण साठ ते सत्तर टक्के देतो, कारण ते माझ्याकडे किती महिने पडून राहील याचा भरवसा नसतो. परदेशी साइटवर विकलं तर शुल्कच तेराएक टक्के, वर विम्यासह पार्सल, वर डॉलरचे रुपये करताना बँकेची कात्री. समजा तुम्ही एक लाखाला कार्ड घेतलं आणि विकताना सत्तर टक्के हातात आले. मग मुद्दल सुटायलाच बाजारभाव एक लाख त्रेचाळीस हजारांवर जायला हवा. म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस टक्के वाढ झाली तरी तुमची कमाई शून्य.

वडील म्हणतात त्या सोन्याचं गणित याच्याशी ताडून बघा. चोख सोन्याचं बिस्किट किंवा वेढणी घेताना तीन टक्के जीएसटी जातो, विकताना सराफ थोडंफार कापतो. पण सराफ बाजारात दुपारी गेलात तर संध्याकाळच्या आत पैसे घेऊन घरी येता, आणि भाव कुणा यूट्यूबरवर ठरत नाही. सोन्याचे भावही पडतात, 2013 मध्ये चांगलेच पडले होते. पण पडलेल्या भावालासुद्धा गिऱ्हाईक असतं. कार्डांचं तसं नाही. मंदीत भाव खाली येतो एवढंच होत नाही, समोरचा फोनच उचलत नाही.

आपल्या भागातल्या माणसाला हे कापसावरून लगेच कळेल. 2021-22 च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, कुठे कुठे बारा-तेरा हजारही लागले. पुढच्या हंगामात तोच भाव पुन्हा येईल म्हणून लोकांनी घरं भरून कापूस ठेवला. भाव आठ हजारांच्या आसपास घुटमळला आणि 2023 च्या उन्हाळ्याकडे सातवर उतरला. तरी कापसाला जिनिंगचं गिऱ्हाईक होतं आणि खाली हमीभावाचा आधार होता. कार्डांच्या खाली असा कुठलाही आधार नाही. धागा निघत नाही, तेल निघत नाही, व्याज येत नाही. दुसऱ्या माणसाला ते हवं वाटणं हीच त्याची सगळी किंमत.

खोट्या मालाबद्दल थोडक्यात. जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानात मिळणारी सोनेरी चकचकीत पोकेमॉन कार्डं मुलाला खेळायला छान, पैसे गुंतवायला काही उपयोगाची नाहीत. सीलबंद बॉक्समध्ये धोका वेगळा असतो. आतला माल काढून वरून पुन्हा प्लॅस्टिक चढवतात. लोगन पॉल या यूट्यूबरने 35 लाख डॉलर देऊन घेतलेल्या ‘पहिल्या आवृत्तीच्या’ पेटीत जी. आय. जो या खेळण्यातल्या सैनिकांची कार्डं निघाली, ही गोष्ट जानेवारी 2022 ची. ती पेटी आधी जाणकारांकडून तपासून घेतलेली होती. मग कुरिअरने आलेल्या बॉक्सबद्दल आपण खात्री कशी देणार? ग्रेड केलेल्या कार्डाचा प्लॅस्टिकचा डबा, ज्याला स्लॅब म्हणतात, तोही नकली बनतो, आणि त्यावर खरा प्रमाणपत्र क्रमांक छापलेला असू शकतो. म्हणून नुसता क्रमांक जुळवून थांबू नका. कंपनीच्या साइटवर त्या क्रमांकाचा फोटो असेल तर कार्डाच्या कडा, छपाईतले ठिपके, चौकटीचं अंतर एकेक ताडून बघा.

खान्देशात राहणाऱ्याला आणखी एक अडचण आहे, जिच्याबद्दल परदेशी व्हिडिओ बोलतच नाहीत. आपलं हवामान. भुसावळ-जळगावचा मे महिना पंचेचाळीस अंशांचा. वरच्या मजल्याची खोली, त्यावर पत्रा असला तर कपाटात हात घालवत नाही. आणि उपाय म्हणून आपण लावतो कूलर, जो खोलीत ओलावा सोडतो. चमकी असलेल्या कार्डात कागदावर वेगळा पातळ थर असतो. कागद ओलावा पितो आणि सोडतो, चमकीचा थर तसा वागत नाही, मग कार्ड कमानीसारखं वळतं. दुपारी कोरडी भट्टी, रात्री कूलरची दमट हवा, जूननंतर पावसाळी गारवा, असं चक्र दोन-तीन वर्षं चाललं की दहाच्या लायकीचं कार्ड आठच्या लायकीचं होतं. नऊ आणि दहा या ग्रेडमध्येच कधी कधी निम्म्याहून जास्त किमतीचा फरक असतो, तर आठचं काय सांगावं. कार्डं गावच्या घरी ठेवणार असाल तर खालच्या मजल्यावर, आतल्या भिंतीच्या लोखंडी कपाटात, कूलरच्या झोतापासून लांब ठेवा. कार्ड आधी मऊ पाकिटात, मग कडक प्लॅस्टिकमध्ये, मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पुड्या पावसाळ्याआधी बदला. सीलबंद बॉक्सवर दुसरं वजन ठेवू नका, कोपरे दबले तरी घेणारा भाव पाडतो.

कराचं मी सांगू नये, ते सीएला विचारा. एवढंच ध्यानात असू द्या, की अधूनमधून एखादी वस्तू विकणं वेगळं आणि सतत घेणं-विकणं वेगळं. दुसऱ्याला आयकर खातं धंदा समजू शकतं. परदेशातून मागवलंत तर सीमाशुल्क आणि कर धरून किंमत काढा, नाहीतर पोस्टमन पार्सल आणेल त्या दिवशीच नफा गेलेला असतो. प्रत्येक खरेदीची पावती जपा. पुढे ती तुम्हाला कराला लागेल आणि विकताना मूळ मालक कोण, ते दाखवायलाही लागेल.

तर मी काय करीन? साडेतीन लाखांतले तीन लाख मी कार्डांजवळ नेणार नाही. ते वडिलांच्या म्हणण्याप्रमाणे सोन्यात जातात, बँकेत जातात की म्युच्युअल फंडात, ते तुमच्या घरच्या गरजेवर ठरवा. उरलेल्यातून वीस-पंचवीस हजार कार्डांना द्या, आणि ते परत आलेच नाहीत तरी घरचं काही अडणार नाही एवढीच ती रक्कम असावी. मधली रक्कम वर्षभर हातात राहू द्या. त्या वर्षात एकदा तरी पुण्या-मुंबईत खेळणाऱ्यांच्या जमावात जा, चार माणसांशी ओळख करा, आणि एखादं स्वस्त कार्ड मुद्दाम विकून बघा. किती दिवस लागले, किती घासाघीस झाली, हातात किती आले, ते वहीत लिहा. विकून बघितल्याशिवाय या बाजाराची खोली कळत नाही.

वीस-पंचवीस हजारांत सीलबंद बॉक्सपेक्षा मी सुटी कार्डं घेईन. बॉक्समध्ये तुम्ही पुनर्मुद्रणाचा, पुन्हा सील केल्याचा आणि कोपरे दबण्याचा असे तीन धोके एकदम उचलता, शिवाय आत काय आहे ते दिसत नाही. सुटं कार्ड भिंगाखाली बघता येतं. छपाई बंद होऊन बरीच वर्षं झालेल्या संचातलं, मुलं खेळली म्हणून चांगल्या स्थितीत कमी उरलेलं, आणि भाव अर्ध्यावर आला तरी तुम्हाला जवळ ठेवावंसं वाटेल असं कार्ड निवडा. शेवटची अट मी भावनेच्या भरात घालत नाहीये. पडत्या बाजारात घाबरून कोण विकतं? ज्याला ते कार्ड कधी आवडलंच नव्हतं तो. ज्याला ते आवडतं तो थांबू शकतो, आणि या धंद्यात थांबू शकणाऱ्यालाच चांगला भाव मिळालेला मी बघितलाय.

ते चारिझार्ड मात्र अजून घेऊ नका. विक्रेत्याला स्लॅबचा दोन्ही बाजूंचा, उजेडात तिरका धरून काढलेला व्हिडिओ मागा आणि त्यात आजची तारीख लिहिलेला कागद शेजारी ठेवायला सांगा. द्यायला तयार नसेल तर विषय संपला. दिला तर संचाचं नाव, साल, भाषा, ग्रेड आणि तो मागत असलेली किंमत इथे लिहा. मागच्या सहा महिन्यांत ते कार्ड खरोखर कितीला विकलं गेलं, ते आपण मिळून काढू. त्यातून माझ्यासारख्या दुकानदाराची कपात वजा करू आणि उरलेला आकडा वडिलांनाही दाखवू.